मंगेशचा इको

गुहागरच्या स्टँडवर मला सोडायला चुलतभाऊ मंगेश त्याच्या साऊंड सर्व्हिसचा टेम्पो घेऊन आला होता. मागे दोन भोंगे, त्यांच्यावर माझी बॅग. बाबा एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर गो." मी ध्वनिमुद्रण शिकायला निघाले होते आणि मनात एकच होतं, सुटले एकदाची या इकोतून.

कारण लग्न असो, गणपती असो, कबड्डी असो, मंगेश माईकला इको लावणारच. वधूचे मामा एकदा पुकारले की चार वेळा ऐकू यायचे. बाबांच्या भजनी मंडळाच्या पेटीचीही मला अशीच लाज वाटायची. खाऱ्या हवेने तिची काळी दोनची पट्टी अडकली होती, भाता हलला की ती वाजतच राहायची. पेटी दुरुस्तीला चिपळूणला न्यायचं दर वर्षी ठरायचं आणि राहून जायचं. शेवटी मंडळी काळी दोनमध्येच गायला लागली.

आता मी इंग्लंडात ब्रिस्टलला असते. स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्ड मिक्स करते आणि वीकेंडला माझी स्वतःची करत होते. एकच लांबलेला सूर आणि त्याखाली डब, म्हणजे गाण्यातून शब्द काढून टाकल्यावर उरतो तो बेस आणि इको. सिंथेसायझर भाड्याने आणला, आवाजाचे प्लगइन्स घेतले, लोकांना ऐकवलं. 'नाइस' म्हणाले. इकडे नाइस म्हणजे 'ठीक, पुढे चला', हे माझ्यासारखं गाव सोडून आलेल्या तुम्हाला सांगायला नको.

मग एका सकाळी सहकाऱ्याने नवी रेकॉर्ड लावली, म्हणाला, तुझ्याकडची आहे. एक सूर सुरू झाला आणि जागचा हलेना. त्याखाली जाखडी नाचाचा मृदंग, निम्म्या गतीवर आणलेला, प्रत्येक थापेमागे इको. तीच अडकलेली काळी दोन. ती आमची पेटी होती. कव्हरवर मंगेशचं नाव होतं.

आधी अभिमान वाटला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मी जळले. बेस गढूळ आहे, डावीकडे खरखर येतेय, असं काहीबाही शोधत बसले. सहकारी डोळे मिटून ऐकत होता. माझं ऐकताना त्याने एकदाही डोळे मिटले नव्हते.

मंगेशला फोन केला. अभिनंदन म्हणाले.

"मी काय केलंय गो? नेटवर टाकलेलं, तिकडच्या कुणी रेकॉर्ड काढली. पेटी बिघडलेलीच होती. इको माझ्याकडे पयल्यापासून. दुसरी बाजू ऐकलीस?"

ती घरी नेऊन ऐकली. शिमग्याची पालखी आमच्या अंगणात आलेली. बाबा मानकरी, त्यामुळे घरोघरचं गाऱ्हाणं देवापुढे तेच घालतात. "बा देवा म्हाराजा, ह्या घरची लेक परमुलखात हाय. तिच्या जिवाला सांभाळ. तिला तिकडं करमू दे." आणि सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा." मंगेशचा आवाज सगळ्यांच्या पुढे. इको लांब जात गेला, मग नुसता सूर उरला.

फोनवर बाबा विचारतात, जेवलीस का, थंडी आहे का. करमतं का, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मंगेश मात्र दर शिमग्याला त्यांच्या बाजूला उभा राहून हे ऐकतो. रेकॉर्ड, नाव, कौतुक, सगळं त्याला लखलाभ. हे मला हवं होतं.

मी गावात असताना बाबा असं कधी बोलले नाहीत, असं मी पुन्हा फोन करून मंगेशला म्हणाले.

"तू हितं हायस तर कशाला बोलतील?"

म्हणजे आमच्या अंगणातलं ते वाक्य मी तिथे परत गेले की बंद होणार. घर ही अशी जागा झाली आहे, जिथे माझ्यासाठी मागितलं जातं ते फक्त माझ्या पाठीमागे. तरी शिमग्याचं तिकीट काढलंय. आमच्या अंगणात बाबा माझ्यासाठी काही मागणार नाहीत. पुढच्या घरी ते तुमच्यापैकी, गाव सोडून गेलेल्यांपैकी, यंदाही न येणाऱ्या कुणासाठी तरी मागतील. तेव्हा मंगेशच्या आधी मी म्हणणार आहे, व्हय म्हाराजा.