ताणलेली फूटपट्टी

आमच्या जालन्याच्या शाळेत खडू महिन्याच्या मध्यातच संपायचा, किस्से मात्र साठतच जायचे. निजामाचं राज्य, शिकवायचं उर्दूतून आणि पोरं घरी बोलणार मराठी! मग दुसरं काय होणार?

*

मी हैदराबादेत बी.एस्सी. होऊन आलेला सायन्स टीचर. पहिल्याच तपासणीत इन्स्पेक्टरसाहेबांनी मला मराठीत शिकवताना पकडलं. "मास्टर, दोबारा मराठी सुनी, तो नौकरी गई!"

हेडमास्तर म्हणाले, "आता तरी सुधरा."

म्हटलं, "सर, पोरांना आत्ता कुठं समजायला लागलंय. आता कसा सुधरू?"

*

उर्दूचे मौलवीसाहेब माझ्या बाजूचे. माझ्या तासाला व्हरांड्यात उभे राहायचे. इन्स्पेक्टर दिसला की ते खोकायचे आणि मी उर्दूवर यायचो! एकदा त्यांना खरंच पडसं झालं. त्या तासाला मी इतक्यांदा भाषा बदलली, की हसनाबादचा गणपत उठून म्हणाला, "गुरुजी, आम्हाला बराबर समजून राह्यलंय. तुमचंच काई समजंना!"

*

सेल्युलॉइडचे रेणू म्हणजे गुंतलेल्या लांब साखळ्या. हे दाखवायला मी शाळेची सेल्युलॉइडची फूटपट्टी उकळत्या पाण्यात मऊ केली. गणपतनं एक टोक ओढलं, मी दुसरं, आणि तशीच ताणून गार पाण्यात धरली. साखळ्या सरळ होऊन थिजल्या. फूट चांगला बोटभर वाढला!

*

हेडमास्तरांनी नेमकी तीच पट्टी घेऊन ऑफिसातल्या कपाटाच्या काचेचं माप दिलं. काच आली ती चौकटीतून थेट आत पडली! सुतार म्हणाला, "मास्तर, माप चुकलं."

हेडमास्तर कडाडले, "फूट सरकारी आहे! कपाटच फुगलं असंल!"

*

पुढच्या तपासणीत इन्स्पेक्टरसाहेबांनी ती पट्टी उचलली, स्वतःच्या पट्टीला लावली. "ये इतनी लंबी कैसी?"

मी उकळतं पाणी मागवलं आणि पट्टी आत सोडली. उर्दूत सांगितलं, की उष्णतेनं साखळ्या सुटतात आणि आपल्या मूळच्या गुंत्यात जातात. पट्टी सगळ्या वर्गादेखत वळवळली, आकसली. बाहेर काढून साहेबांच्या पट्टीशेजारी ठेवली. बिलकुल बराबर!

साहेबांना ते आवडलं नाही. "किस के हुक्म से सिकुड़ी?"

व्हरांड्यात मौलवीसाहेब जीव तोडून खोकत होते. वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी मराठीत म्हणालो, "ताणायला हुकूम लागतो, साहेब. परत यायला न्हाई लागत."