बरणीतून काढलेला फोटो
लोणच्याच्या बरणीचा हिंगाचा वास आला, की मला कर्जतची नदी आठवते. दुसरं महायुद्ध संपून कॅमेऱ्याची फिल्म पुन्हा मिळू लागली होती, आमचं लग्न नवं होतं, आणि यांना डोहातले मासे पाण्याखालून टिपायचे होते. कॅमेरा काचेच्या बरणीत ठेवून ती गळ्यापर्यंत बुडवायची, असा बेत. घडीचा भारी कॅमेरा उघडल्यावर बरणीत मावेना, म्हणून साधा डबा कॅमेरा घेतला. "लोनच्याची बरनी नदीत? याड लागलं का रं?" सासूबाई यांच्यावर ओरडल्या. बरणी तरंगू नये म्हणून मी पाण्यात उभी राहून दाबून धरली, ती ऐन वेळी कलली. फोटोत मासे आलेच नाहीत. आली माझी पावलं, जोडव्यांसकट. सासूबाईंनी तो फोटो देव्हाऱ्याशेजारी लावला. म्हणाल्या, "लक्ष्मीचीच हायत." आमच्या लग्नात फोटोवाला नव्हता. त्या वयाची मी फोटोत आहे ती एवढीच, घोट्यापर्यंत.