टॉप मॉडेल पिकअपनं गडहिंग्लज, आणि येताना म्हैस

कोल्हापूर ते गडहिंग्लज हा काही सहलीचा रस्ता नव्हे. तिकडं जाणारा माणूस कामासाठी जातो आणि काम झालं की मिरच्या नाहीतर शेंगा घेऊन गुमान परत येतो. मीही कामालाच गेले होते. दाजींवर लक्ष ठेवणं हे माझं काम.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. शिवाजी पेठेत राहतात आणि विटा-वाळूचा धंदा करतात. धंद्याला गाडी पाहिजे म्हणून त्यांनी नवी मोठी पिकअप घ्यायचं ठरवलं, इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण शोरूममधला सेल्समन साधं मॉडेल दाखवून झाल्यावर हळूच म्हणाला, "आणि साहेब, हे टॉप मॉडेल." झालं. दाजींनी टॉप मॉडेल तर घेतलंच, वर जे जे म्हणून बसवून मिळतं ते सगळं बसवून घेतलं. पुढं चकचकीत जाड गार्ड, धुक्यात लावायचे पिवळे दिवे, चढायला दोन्ही बाजूंना पायऱ्या, मागच्या हौद्यावर कुलपाचं फायबरचं झाकण, आत पुढं-मागं चामड्याच्या सीटा, मोठाले स्पीकर. शिवाय समोर घड्याळासारखं एक यंत्र, गाडी किती कलली ते दाखवणारं. मी विचारलं, "दाजी, गाडी कलली की आपल्याला कळणार नाही का?" तर म्हणाले, "कळंल की. पर किती कलली ते कळाय नको?"

हौद्याला ओरखडे पडतील म्हणून त्यात गालिचा अंथरला. मग त्यात विटा कशा टाकणार? तेव्हा पुढं रिकामी पिकअप आणि मागं भाड्याचा टेम्पो विटा घेऊन, असा ताफा पेठेतून निघायला लागला. लोक चहाचे कप घेऊन बघायला बाहेर यायचे.

हेही चाललं असतं. पण या सगळ्या जोडकामाला पैसे कमी पडले तेव्हा आक्का हुपरीला लग्नाला गेलती, आणि तिच्या माघारी दाजींनी चंद्रा विकली.

चंद्रा ही आक्काची म्हैस. रेडकू असल्यापासून तिनं हातानं वाढवलेली. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवून, नटवून रस्त्यावर आणतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं दामटतो आणि त्या आवाजामागं म्हैस पळते. दाजी गाडीवर आणि चंद्रा मागं, हे दृश्य बघायला दुसऱ्या पेठांतून माणसं यायची. शिंगं घासायचं काम मात्र आक्काचं, तिथं दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

परत आल्यावर रिकामा गोठा बघून आक्का रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हस दारात येत न्हाय तवर त्या गाडीत पाय ठेवणार न्हाय, आनि तुमच्याशी बोलणार बी न्हाय." आणि खरंच बोलायची थांबली. काही सांगायचं असलं की मला फोन. "तुझ्या दाजींना सांग, आमटी गरम करून घ्यावी." दाजी तिच्यासमोर पाटावर बसलेले, आणि मी दोन गल्ल्या पलीकडं, शाळेच्या वह्या तपासत. शेवटी मीच वैतागले. दाजी तर निम्मे झाले होते. भर चौकात ज्यांचा आवाज ऐकून कुत्री उठायची, ते कुजबुजत मला म्हणाले, "मास्तरीणबाई, चंद्रा परत आणाय जातो. तुमी चला संगं." आक्कानंही मला बाजूला घेऊन बजावलं, "जा तू. न्हायतर हे आनि एक दिवा बसवून येतील."

रविवारी सकाळी निघालो. तुम्हाला जायचं असेल तर हायवेनं कागल, निपाणी, तवंदी घाट आणि संकेश्वरहून उजवीकडं, हा मार्ग धरा. चौपदरी रस्ता नुकताच झालाय, लोण्यासारखा आहे. मधला बराच भाग कर्नाटकात येतो, पाट्या कानडी होतात, बाकी उसाला काही फरक पडत नाही. दाजी वाटेत एकेक सोय दाखवत होते. काच वर, काच खाली. घाटात ते कलण्याचं यंत्र जरासं हललं, तर त्यांनी गाडी कडेला घेऊन मला नीट बघायला लावलं. ऊन चांगलं रणरणत असताना धुक्याचे दिवेही लावले. मागनं येणारे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न मारत होते.

घाटाखाली एका हॉटेलात वडा-सांबार खाल्लं. पंचवीस रुपयांत दोघांचं पोट भरलं, सांबार मागाल तितकं. हॉटेलवाल्यानं गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "पावणं, मागं काय घालतासा हिच्यात?"

"काय न्हाय," दाजी अभिमानानं म्हणाले.

त्यानं झाकणावर बोटानं टकटक करून बघितलं.

म्हैस घेणारा मल्लाप्पाअण्णा गडहिंग्लजच्या पुढं एका वाडीत राहतो. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारा माणूस. "बर्री, बर्री, या, बसा," म्हणून त्यानं बाजेवर घोंगडं टाकलं. मागं चंद्रा बांधलेली. दाजींना बघून तिनं हंबरडा फोडला. दाजींनी गॉगल काढलाच नाही. त्या गॉगलमागं काय चाललं होतं ते मला कळत होतं.

घेतलेले पैसे वर थोडे घालून परत देतो म्हटल्यावर अण्णा हसला. "पैसं दूध देतंय काय?" मग त्याची नजर गाडीवर गेली. "आनि न्हेणार कशातनं? त्या झाकणाखाली काय म्हस बसती?"

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हैस आणायला निघालो होतो आणि हौद्यावर झाकण. मी बीएड झालेली बाई, मलाही सुचलं नाही.

झाकण काढावंच लागलं. काढलं तेव्हा अण्णा म्हणाला, "हे ऱ्हाऊ द्या हितं. वैरणीवर घालतो, भिजत न्हाय." दाजींनी दिलं. तिथंच चुकलं. मग सौदा पैशावरनं उठला आणि गाडीवर येऊन बसला. पिवळे दिवे? उसाला रातचं पाणी पाजायला बरं. पायऱ्या? गोठ्याच्या उंबऱ्याला. स्पीकर? धारा काढताना भजनं लावली तर म्हशी गप उभ्या राहतात म्हणे. पुढचा गार्ड परड्याच्या फाटकाला मापात बसला. कलण्याच्या यंत्रावर तर त्याचा जीवच जडला, वाफ्याचा उतार कुठं जातो ते बघायला. दाजी स्वतःच्या हातानं पाना घेऊन नट फिरवत होते. प्रत्येक वस्तू निघाली की ती कशी वापरायची ते अण्णाला समजावून सांगत होते, तेही सेल्समनच्याच शब्दांत. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

मधे जेवण झालं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. अशी चटणी मी पुन्हा कुठं खाल्लेली नाही. जेवून हात धुतल्यावर अण्णानं मागची सीट मागितली, पारावर बसायला. ती गेल्यावर म्हणाला, "येकट्या सीटनं म्हातारी मानसं भांडत्यात ओ." म्हणून ड्रायव्हरशेजारचीही गेली.

"दाजी, मी कुठं बसू?" मी विचारलं.

दाजींनी माझ्याकडं बघितलं, चंद्राकडं बघितलं आणि हात जोडले.

सौदा पुरा झाला, तेवढ्यात वाटेवरनं एक फटफटणारी मोटारसायकल गेली. चंद्रानं कान टवकारले आणि खुंटा हलेल असा हिसका मारला. अण्णाची बायको पाण्याची कळशी ठेवून म्हणाली, "न्हेतासा ते बरं झालं बाई. गाडीचा आवाज आला की पळतीया. परवा दूधवाल्याच्या मागं पार नदीपातूर गेलती. ह्येनी कवाचं म्हनत्यात, फुकट न्हेली कुनी तर दिऊन टाकू."

दाजी अण्णाकडं वळले. "हे आधी सांगायचं न्हवं का?"

"इचारलासा कुठं?" अण्णा म्हणाला आणि स्पीकर उचलून आत गेला.

आता चंद्राला चढवायचं. गाडी बांधाला उलटी लावली, फळी टाकली. चंद्रा फळीला पाय लावेना. सगळी वाडी गोळा झाली, ज्याला त्याला युक्ती माहीत. शेवटी दाजी हौद्यात चढले, गालिच्यावर उभे राहिले, दोन्ही मुठी हँडलसारख्या धरल्या आणि तोंडानं सुरू झाले. डग डग डग डग. पांढरी पॅन्ट, गॉगल, गळ्यात साखळी, आणि डग डग डग. चंद्रा टकामका बघत राहिली, मग धडाधडा चढून थेट त्यांच्या छातीला नाक लावून उभी राहिली. वाडीतलं कुणी हसलं नाही. दाजींनी गॉगल काढून डोळे पुसले.

येताना मी हौद्यात. कधी म्हशीशेजारी उभं राहून प्रवास करायचा झालाच तर सांगते: ओढणी तिच्या तोंडाकडच्या बाजूला नको, आणि घाटात तिला धरायचं, गाडीला नाही. दाजी ताशी तीसच्या वर गेले नाहीत. टोलनाक्यावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, पुढं बसा की." मी म्हटलं, "पुढं सीट नाही." त्यानं वाकून आत बघितलं आणि दांडा वर केला.

दिवेलागणीला पेठेत शिरलो. गल्लीतली माणसं बघायला आली, कारण तोवर गालिच्याची जी दशा झाली होती ती बघण्यासारखीच होती. आक्का बाहेर आली. चपलाही न घालता हौद्यात चढली, चंद्राच्या मानेला मिठी मारली आणि मग मात्र मोकळेपणानं रडली. दाजी खाली मान घालून उभे. एवढं करून ती त्यांच्याशी बोलते की नाही, याची मलाच धाकधूक लागली होती.

म्हैस उतरवून गोठ्यात बांधली. आक्का गाडीभोवती फिरली. दिवे नव्हते, पायऱ्या नव्हत्या, गार्ड नव्हता. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. मग तिनं दार उघडून आत बघितलं आणि तशीच थांबली.

"दिवं दिलं, झाकान दिलं, ते दिलंसा," ती दाजींना म्हणाली. "माझी बसायची जागा बी दिलीसा?"

दाजींनी हळूच दार लावलं. मग म्हणाले, "उद्या आनतो."

"मी येते संगं. तुमाला काय कळतंय सौद्यातलं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा आक्का गाडीत बसत होती. सीटच्या जागी पाट, पाटावर उशी, एक हात दाराला घट्ट. पाट घसरू नये म्हणून दाजींनी गाडी इतकी सावकाश काढली की चौकापर्यंत मी त्यांच्या बरोबरीनं चालत होते. आक्का एकसारखी बोलत होती, आणि दाजी नुसतं व्हय, व्हय म्हणत होते.