पंख्यावर वाळवलेलं लुगडं

डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे उजेडाला धरला. "आजी, हा टीबी नाही. सिलिकोसिस आहे." म्हणजे दगडाची बारीक भुकटी फुफ्फुसात बसते आणि तिथे गाठी होतात.

"मग काढा की झाडून," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "ती निघत नाही. वाढू नये, एवढंच बघायचं."

शेजारी नात सुमन उभी होती.

टीबीच्या गोळ्या दोनदा खाऊन झाल्या होत्या. आमच्या पोशेरा गावाहून जव्हार, तिथून शहरातला मोठा दवाखाना. बाकड्यावर बसून कंबर गेली. मी खोकले की माणसं सरकायची, मला ऐसपैस जागा. तेवढाच फायदा.

"कुठे काम करायचात?" हे या डॉक्टरांआधी कुणी विचारलंच नव्हतं. तुमचा खोकला हटत नसेल तर आधी हेच सांगा.

भात झोडून झालं की आम्ही दगड दळायच्या कारखान्यात जायचो. भिंतीत धूळ बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पंखा होता, त्याला जाळी. तरणेपणी मी भारी शहाणी! धुतलेलं लुगडं त्या जाळीवर लावायची. पंखा ते घट्ट धरायचा, भाकर खाईस्तोवर कडक इस्त्रीचं. माझं बघून सगळ्याजणी तेच करू लागल्या. धूळ आतच घुमायची. मुकादम बघायचा, गप्प बसायचा. घरी चुलीवर मासळी धुरात वाळायची, मग धुळीला कोण घाबरतं? पांढरं तोंड आरशात बघून वाटायचं, गोरी झाले!

सुमन यंदा तसल्याच कारखान्यात निघाली होती. दुसरं काम नव्हतं, आणि तिला अडवायला माझ्यात दम नव्हता. डॉक्टर तिला म्हणाले, "चांगला मास्क लाव. पण पंखा ओढत नसेल तर आत पाऊल टाकू नकोस."

आठवड्याने तिचा फोन आला.

"आजे, पंखा आहे गं. पण जाळीवर ओढण्या वाळतायत."

"मग?"

"ओढून काढल्या. बायकांनी परत लावल्या, भांडायला उठल्यात. म्हणतात, मोठी आली शहाणी."

"भांड, बाय. मुकादमाशीपण भांड. आणि त्या बायकांना फोन दे."

फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला. मी बोलायला तोंड उघडलं आणि खोकलाच सुटला. थांबेना.

मग पलीकडून एका बाईचा आवाज आला, "काढा गं त्या ओढण्या."

त्या बाईचं भलं होवो. मला बोलावंच लागलं नाही.