बेचाळीस चेहरे आणि एक काळा पडदा

गेल्या पोळ्यापासून पिंपळगाव राजात एक कुजबूज फिरत होती. मंजुश्रीनं म्हणे बुलढाण्याच्या सभागृहात साहेबलोकांवर काहीतरी केलं. ती बोलत असताना पडदा अचानक काळाठिक्कर पडला आणि समोरचे पाचही साहेब असे खिळून बसले, की एकाच्या चहावर साय धरली तरी त्याला भान नव्हतं. गावातल्या जनकाबाईच्या मते हा सगळा तिच्या पेनड्राइव्हचा प्रताप. फ्लेक्सवाल्या गफ्फारभाईनं ती म्हणे काहीतरी पुटपुटून फुंकून दिली होती. जनकाबाई स्वतः बुलढाण्याला गेली नव्हती, ही गोष्ट वेगळी. गेली असती तर साय दोन कपांवर धरली असती.

मंजुश्री ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून देते. वय चौतीस, आवाज खणखणीत, आणि डोक्यात तीन वर्षांपासून एकच खूळ: गावात मुलींसाठी अभ्यासिका. पोलीस भरती, नर्सिंग, तलाठी अशा परीक्षांना बसणाऱ्या सत्तावीस पोरी गावात होत्या. घरं दोन खोल्यांची, त्यातल्या एकीत टीव्ही. म्हणून पोरी रोज बसनं खामगावच्या अभ्यासिकेत जायच्या. बस चुकली, उशीर झाला, की घरचे म्हणायचे, पुरे झालं आता. अशा चार पोरी एका वर्षात घरी बसल्या. इकडे पंचायतीचा जुना हॉल कबुतरांना आंदण दिलेला.

अशात एका संस्थेनं जाहीर केलं, की दर वर्षी जिल्ह्यातल्या तीन गावांना टेबल-खुर्च्या, दिवे आणि पुस्तकं देणार. अट एकच. गावानं बुलढाण्याला यावं आणि दहा मिनिटांत आपलं म्हणणं पडद्यावर मांडून दाखवावं.

पहिल्या वर्षी मंजुश्रीनं स्लाइडांचं काम कोणाला द्यावं? गफ्फारभाईला. बसथांब्यासमोर त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस असो, बारसं असो, कोणाचा मुलगा बारावी पास होवो, गफ्फारभाईचा बॅनर लागल्याशिवाय गावाला खरं वाटत नाही. आणि बॅनरचा कायदा पक्का: मधे उत्सवमूर्ती, भोवती शुभेच्छुक. एक चेहरा राहिला की एक घर रुसलं. फोटो शेजाऱ्यापेक्षा बोटभर लहान आला म्हणून एका काकानं सख्ख्या पुतण्याच्या लग्नात जेवण सोडलं होतं.

तर गफ्फारभाईनं त्याच कायद्यानं स्लाइडा केल्या. पहिल्या तीनवर बेचाळीस चेहरे, कडेनं गुलाब, मागे उगवता सूर्य. मंजुश्रीनंही रीत पाळली. एकेक नाव मानानं वाचलं, कोणाचं पद गाळलं नाही. सहा मिनिटं त्यात गेली. पुढच्या स्लाइडवर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खा प्रस्ताव. तो ती साहेबांकडे पाठ करून वाचत राहिली आणि वेळ संपल्याची घंटा वाजली.

एका साहेबानं अगदी मायेनं विचारलं, "ताई, तुमच्या गावाला नेमकं काय हवंय?"

हे वाक्य तिला परतीच्या बसमध्ये खामगावपर्यंत चावत होतं. नकार तिला सोसला असता. पण अख्खं गाव पडद्यावर दाखवलं आणि त्या सत्तावीस पोरींतली एकही दिसली नाही, हे सोसेना.

दुसऱ्या वर्षी तिनं स्वतःच सोळा स्लाइडा केल्या आणि घरीच तालीम धरली. श्रोता एकच, सासू रुखमाबाई, तीही अंगठाबहाद्दर. लॅपटॉप पेटीवर ठेवून मंजुश्री बोलू लागली. दोन मिनिटांत सासू कावली.

"काऊन वो मंजे, म्या तिकडं पाहू का तुह्याकडं पाहू? तिकडं पाह्यलं तं तुह्यं आयकू येत नाही, तुले आयकलं तं ते सरकून जाते."

"मंग काय करू, मामी?"

"दाखवाचं तवा दाखव, बोलाचं तवा झाकून ठेव!" असं म्हणून रुखमाबाईनं आपलं धुतलेलं लुगडं लॅपटॉपवर टाकलं.

त्या दिवशी सोळा स्लाइडांच्या पाच झाल्या. एका स्लाइडवर एकच गोष्ट. अक्षरं केवढी ठेवायची याचं मोजमाप उपसरपंच अर्जुनराव. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पंचायतीच्या मागच्या भिंतीपाशी त्यांना बसवायचं आणि त्यांना वाचता आलं तरच अक्षर पास. त्यांनी सगळं वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

"मंजू, माहा फोटो कुठं हाय?"

"दादा, औंदा कोणाचाच नाही."

"कोणाचाच नाही? मंग गावाचं हाय कायचं हे? म्या सही देतो का नाही ते पाहू आता!"

आणि हॉल देण्याच्या ठरावावर अर्जुनरावांची सही लागत होती. मंजुश्री उठली ती थेट गफ्फारभाईच्या दुकानात. यंत्राची घरघर, शाईचा वास, आणि मागे फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर बसलेली त्याची मुलगी मुबीना. कानात बोटं, मांडीवर पुस्तक. घरी बसलेल्या चौघींतली एक हीच. गफ्फारभाईनंच तिची बस बंद केली होती.

"भाई, हिचा असाच फोटो पाहिजे मले. पाठमोरा घेतो. पहिल्या स्लाइडवर."

"एकटीचा? ना सरपंच, ना गुलाब?"

"एकटीचा."

गफ्फारभाईनं यंत्र बंद केलं. दुकान एकदम शांत झालं तशी मुबीनानं कानातली बोटं काढली आणि बापाकडे पाहिलं.

"घ्या ताई," तो म्हणाला. "अर्जुनरावले मी पायतो. ज्याइचे चेहरे तुमच्या पडद्यावर नाहीत, त्या समद्याइचा एक बॅनर लावतो थांब्यावर. 'बुलढाण्याले चाललेल्या मंजुताईले शुभेच्छा'. अर्जुनराव मधात, सगळ्यात मोठे."

"उत्सवमूर्ती मी ना, भाई?"

"तुमचा फोटो बसला तं टाकतो कोपऱ्यात."

बॅनर लागला आणि त्याच संध्याकाळी सही झाली. अर्जुनराव तीन दिवस थांब्यावरच चहा प्यायले.

बुलढाण्यात पिंपळगावच्या आधी आलेल्या गावानं सभापतींपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे फोटो दाखवले. मंजुश्रीला आपलंच गेलं वर्ष पाहिल्यासारखं झालं. तिची पाळी आली. पडद्यावर यंत्रामागे कानात बोटं घालून वाचणारी पाठमोरी पोरगी. मंजुश्री काहीच बोलली नाही. साहेबांना पुरतं पाहू दिलं. मग मोठ्या अक्षरांत एक आकडा: सत्तावीस. मग खामगावच्या बसची वेळ. मग रिकामा हॉल, कबुतरांसकट. मग तिचा हात लॅपटॉपकडे गेला आणि पडदा काळा झाला. पाचही माना पडद्यावरून तिच्याकडे वळल्या.

"साहेब, गेल्या वर्षी तुम्ही विचारलं, गावाला नेमकं काय हवंय. मला सांगता आलं नव्हतं. आमच्या पोरींच्या कानातली बोटं काढायची आहेत. हॉल आमचा, झाडलोट आमची, कुलूप उघडणारी बाई आमची. टेबल, दिवे आणि पुस्तकं तुम्ही द्या."

पडदा पुन्हा उजळला. पाचवी स्लाइड: ठरावाचा कागद, खाली अर्जुनरावांची वळणदार सही. घंटेला अजून दोन मिनिटं होती. ती खाली बसली.

यादीत पिंपळगाव राजा दुसरं आलं. आज हॉलमध्ये सत्तावीस खुर्च्या आहेत आणि बसणाऱ्या एकतीस. मुबीना सकाळी कुलूप उघडायच्या आधीच पायरीवर हजर असते. अर्जुनरावांनी एकदाच विचारलं, आत भिंतीवर फोटो लावायचे का म्हणून. पोरींनी एकसाथ श्श केलं.

राहिली ती कुजबूज. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं इंग्रजी बी हे अक्षर दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की उजळतो. हे मंजुश्रीला मुबीनानं दाखवलं होतं. पेनड्राइव्ह धुळीमुळे लागत नव्हती, म्हणून गफ्फारभाईनं तिच्यावर फुंकर मारली होती. आणि ज्यांच्या चहावर साय धरली, त्या साहेबांना मधुमेह होता. चहात साखर होती, म्हणून त्यांनी तो प्यायला नाही.