गरम काटा, थंड इंजिन: सॉल्ट लेक ते चंदननगर

बाबांनी अँबॅसेडर विकायचं ठरवलं आणि मी हट्ट धरला, की आधी एकदा तिच्यातून चंदननगरला जाऊन येऊ. डमडमचे एक गृहस्थ रविवारी गाडी न्यायला येणार होते. विकण्याचं कारण एकच, तापमानाचा काटा. जरा अंतर गेलं की तो लाल पट्ट्यात शिरायचा आणि बाबांचा जीव खालीवर व्हायचा. बदलीने कोलकात्याला आलेले बाबा निवृत्तीनंतर इथेच राहिले, ते या गाडीतून बंगाल बघायला. काटा चढू लागल्यापासून मात्र ते घराबाहेर पडेनासे झाले. गाडी गेली की ते कायमचे खुर्चीला चिकटतील, या विचाराने मी धास्तावले होते.

शनिवारी सकाळी सॉल्ट लेकहून निघालो. बेलघरिया एक्सप्रेसवे, दक्षिणेश्वरचा पूल आणि मग दिल्ली रोड. तुम्ही जाणार असाल तर पौषातच जा आणि पोट रिकामं ठेवून निघा. रस्त्याकडेच्या टपरीवर लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणि आलूर दम फार स्वस्तात मिळतो. धुक्यात ताडाचे नुसते शेंडे दिसत होते. बुंधे कुठे गेले कोण जाणे.

बाबांचा नियम कडक होता. काटा लाल झाला की गाडी कडेला, बॉनेट वर आणि निवांत बसणं. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं हे चाललं होतं. पण त्या थांबण्यांनीच सहल रंगली. पहिल्यांदा थांबलो ते एका तळ्याकाठी. तिथे एक बाई फडक्यावर डाळीच्या बड्या घालत होती. हे तर आपले सांडगे, असं म्हणत आई तिच्याजवळ जाऊन बसली आणि मोडक्यातोडक्या बंगालीत गप्पा सुरू झाल्या. मी रेडिएटरपाशी कान लावला. उकळल्याचा आवाज नव्हता, वाफ नव्हती, बॉनेटही नेहमीइतकंच तापलं होतं. मला हे विचित्र वाटलं, पण बाबांचा विश्वास काट्यावर.

चंदननगरला नदीकाठच्या स्ट्रँडवर एका बाकावर कितीतरी वेळ बसलो. समोर गंगा होती असं म्हणतात. आम्हाला दिसत होतं ते पांढरं काहीतरी, त्यातून मध्येच एखादी होडी बाहेर यायची आणि परत विरघळायची. इथली मिठाई, जलभरा संदेश, जपून खा, चावला की आतलं गुलाबपाणी अंगावर उडतं. बाबांनी एकच खाल्ला. ‘शेवटची फेरी छान झाली,’ ते म्हणाले, आणि मी हातातला संदेश पुड्यात परत ठेवला.

परतताना भद्रेश्वरच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि ती बंदच पडली. तापून इंजिन जाम झालं, असं म्हणून बाबांनी हात टेकले. काटा अर्थातच लाल होता. आईने मागून शांतपणे विचारलं, ‘पेट्रोल दुर्गापूजेच्या आधी भरलं होतं ना? मग काटा पाव टाकीच्या खाली का येत नाही?’

पेट्रोलच्या काट्यावर आमच्यापैकी कोणीच संशय घेतला नव्हता, कारण तो चांगली बातमी देत होता. टाकीत काडी घालून पाहिली, तर ती कोरडीच बाहेर आली. म्हणजे दोन्ही काटे चढवून सांगत होते. डॅशबोर्डच्या मागे एक छोटी डबी असते, ती दोघांनाही बेताचा वीजपुरवठा करते. बाबांनी हात घालून चाचपलं. डबीचा स्क्रू सैल आणि खालचा पत्रा गंजलेला, त्यामुळे तिचं अर्थिंग तुटून बॅटरीची सगळी वीज थेट काट्यांना जात होती. आईच्या पर्समधल्या नखं घासायच्या कानशीने गंज काढून त्यांनी स्क्रू आवळला. तोवर मी टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, करून पंपावरून कॅनमध्ये पेट्रोल आणलं.

गाडी सुरू झाली. थोड्या वेळाने तापमानाचा काटा बरोबर मध्यावर येऊन थांबला. पुढे मोहरीचं शेत लागलं, तिथे त्यांनी कारण नसताना गाडी थांबवली आणि आम्ही तिघं उगाचच उभे राहिलो.

घरी आल्यावर त्यांनी डमडमला फोन करून माफी मागितली. गाडी दुरुस्त झाली का, असं पलीकडून विचारलं असावं. ‘गाडीला काही झालंच नव्हतं,’ बाबा हिंदीत म्हणाले, ‘मीच घाबरून बसलो होतो.’ मग फोन ठेवून त्यांनी आईला विचारलं, उद्या कुठे जायचं.