व्हर्नाची कडी आणि सरकारी दुरुस्ती

आमच्या ओडेन्टन गावात नव्या शेजाऱ्याला "तुम्ही काय करता?" असं विचारायची रीत नाही. कोणी विचारलंच तर उत्तर येतं, "सरकारकडे आहे," आणि बोलणं तिथून थेट बेसबॉलवर जातं. गावापासून दहा मिनिटांवर गुप्तचर खात्याचं मोठं आवार आहे. दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी सकाळी तिथे जातं आणि संध्याकाळी तोंड मिटून परत येतं.

व्हर्ना टॉलिव्हरचे वडील क्लीओफस एकतीस वर्षं तिथे फरशा पुसायला जात होते. घरी येऊन एक शब्द सांगत नसत. लहानपणी व्हर्ना विचारायची, "बाबा, आत काय आहे?" ते म्हणायचे, "फरशी. लांबच लांब." देशाचं काम जिथे चालतं ती जागा आपण स्वच्छ ठेवतो, याचा त्यांना अभिमान होता. रविवारी चर्चला जाताना कोटावर तिथली तीस वर्षांच्या नोकरीची पिन लावून जायचे.

तिची आई अर्लीन हिचं मत अगदी उलटं. तरुणपणी ती ज्या चर्चमध्ये गायची, तिथले पाद्री काळ्या लोकांच्या हक्कांसाठी मोर्चे काढत. सरकारी माणसं त्यांचा फोन वर्षानुवर्षं चोरून ऐकत होती, हे पुढे कागदपत्रं बाहेर आली तेव्हा कळलं. त्या कागदांत अर्लीनचंही नाव निघालं. वाढदिवसाच्या केकची कृती विचारायला तिने पाद्रीणबाईंना केलेला फोन कोणीतरी इमानेइतबारे टिपून ठेवला होता. "अंडी किती, तेसुद्धा चुकीचं लिहिलंय मेल्यांनी," ती सांगायची, आणि सांगताना हसायची नाही.

असे दोघं एका घरात चव्वेचाळीस वर्षं नांदले. व्हर्ना त्या दोघांची मुलगी.

माझी तिची ओळख कॉलेजमधली. ती संगणक दुरुस्ती शिकवायची, मी वाचनालयात होते, आणि दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. तीन वर्षांनी कुठे मला कळलं, की या बाईचा घरी आणखी एक उद्योग आहे.

चाळिशीत तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती जाते ती डब्यात दाबून भरावी तशी जाते. डबा उघडण्याआधी तो नीट आहे ना, हे तिचा प्रोग्रॅम बघायचा. नाव तिने ठेवलं 'लॅच', म्हणजे आपली दाराची कडी. मी कडीच म्हणते. ही कडी तिने सगळ्यांसमोर उघडी ठेवली होती: कोणीही तिची ओळ न् ओळ वाचावी, फुकट वापरावी, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. दुरुस्ती आत घ्यायची की नाही, ते व्हर्ना ठरवणार. बघता बघता ती कडी इस्पितळांत, बँकांत, पाणीपुरवठ्याच्या पंपांवर, कुठकुठल्या देशांत जाऊन बसली. व्हर्नाला कोणी विचारलं नाही, की आभार मानले नाहीत. नाही म्हणायला एकदा नॉर्वेहून कोणीतरी चॉकलेटचा डबा पाठवला होता.

मदतीला एकच माणूस, वीबे हुकस्ट्रा. नेदरलँड्समध्ये एका कालव्यावरचा उघडझाप होणारा पूल सांभाळायचा. बोट आली की पूल उचलायचा, बोट गेली की पुन्हा व्हर्नाच्या ओळी तपासत बसायचा. बारा वर्षं दोघं रोज एकमेकांना लिहीत होते, पण समोरासमोर कधी भेटले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी व्हर्नाला पत्र आलं. पाठवणाऱ्याचं नाव लाइल प्रुएट, आणि पत्ता सरळ गुप्तचर खात्याचा. काहीच लपवलेलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, "तुमच्या प्रोग्रॅमला एक भोक आहे. डब्यावर जो आकार लिहिलेला असतो, त्यावर तो एका ठिकाणी डोळे मिटून विश्वास ठेवतो. कोणी खोटा आकार लिहून डबा पाठवला, तर आतला माल बाहेर सांडेल आणि पाठवणारा त्या संगणकाचा मालक होऊन बसेल. सोबत एकेचाळीस ओळींची दुरुस्ती जोडली आहे. भोक बुजेपर्यंत बोभाटा करू नये, ही विनंती."

व्हर्नाने तसा एक खोटा डबा तयार करून आपल्याच जुन्या संगणकाला दिला. संगणकाने तो मुकाट्याने गिळला आणि हात वर केले. भोक खरं होतं. नऊ वर्षं जुनं होतं, आणि तिच्याच हातचं होतं.

तिने ते पत्र वीबेला पाठवलं आणि त्याला फोन लावला.

"मी करून बघितलं, वीबे. खरं आहे."

"मग बुजव. पण त्यांच्या ओळी आत घेणार असशील तर मी चाललो."

"वाचल्यास का तू त्या?"

"वाचायचंय काय त्यात? दुसऱ्यांची कुलपं उघडणं हा ज्यांचा धंदा, ते तुला फुकट कडी बसवून देतायत. तू म्हणतेस, या, बसा."

"मी अजून काहीच म्हणाले नाहीये. आणि त्या आवारात कुलपं लावणारी माणसंही असतात. माझे बाबा..."

"तुझे बाबा फरशी पुसायचे, व्हर्ना."

"हो," ती म्हणाली, "आणि चांगली पुसायचे."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"माहितीये. सोमवारी बोलू."

रविवारी चर्चहून आल्यावर आई कोलार्डची पालेभाजी निवडायला बसली होती. तेव्हा तिचं वय सत्त्याऐंशी. संगणकातलं तिला काही कळत नसे, पण व्हर्नाने तिला सगळं सांगितलं, अगदी खात्याच्या नावासकट. आईचे हात थांबले नाहीत.

"ही भाजी कोणी दिली?" तिने विचारलं.

"पाद्रीबाबांच्या परसातली आहे ना?"

"हो. देवमाणूस आहे. तरी मी तीन पाण्यांनी धुणार. देवमाणसाच्या भाजीलाही माती असते."

"आणि ज्याने तुझा फोन ऐकला त्याने आणून दिली तर?"

आईने एक पान उलटंपालटं करून बघितलं. "तर चार पाण्यांनी. घरात पोरं उपाशी असतील तर भाजी फेकून कशी द्यायची?"

सोमवारी व्हर्नाने लाइलला तीन प्रश्न पाठवले. एक, प्रत्येक ओळ का लिहिली ते सांगा. दोन, हे भोक तुम्हाला केव्हापासून माहीत आहे? तीन, माझ्याआधी कोणाला सांगितलंत?

मंगळवारी उत्तर आलं. पहिल्याची दोन पानं होती, शाळेतल्या मास्तरांनी समजावावं तशी. दुसऱ्या आणि तिसऱ्यापुढे एकच वाक्य: "याचं उत्तर मी देऊ शकत नाही."

त्या दुपारी व्हर्नाने जेवणाचा डबा उघडलाच नाही. इतकी चिडलेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. "कदाचित गेल्याच आठवड्यात सापडलं असेल," ती म्हणाली. "कदाचित दोन वर्षं ते दार त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी उघडं ठेवलं असेल आणि आता दुसरं कोणी तिथे घुटमळताना दिसलं म्हणून सांगायला आले असतील. इस्पितळांत बसलीये गं माझी कडी."

"मग नको घेऊस त्यांचं," मी म्हटलं.

"'कालच सापडलं' असं खोटं सांगणं त्याला किती सोपं होतं. ते नाही केलं त्याने." तिने डबा पुढे ओढला, पुन्हा मागे सारला. "त्यांच्या पोटात काय आहे ते मला कधीच कळणार नाही. ते कळणार नाही हे धरूनच चालायला हवं. ओळी मात्र मला कळतात."

मग तिने वीबेपुढे एक गोष्ट मांडली. लाइलची दुरुस्ती बाजूला ठेवायची. ती आणि वीबे, दोघांनी आपापली वेगळी दुरुस्ती लिहायची, एकमेकांना न दाखवता. वीबेने लाइलच्या ओळी अजूनही वाचल्या नव्हत्या आणि व्हर्नाने एकदाच चाळल्या होत्या, कारणांची दोन पानंही वरवरच बघितली होती, त्यामुळे हे जमण्यासारखं होतं. शुक्रवारी तिन्ही शेजारी ठेवून बघायच्या.

शुक्रवारी तिन्ही शेजारी ठेवल्या. व्हर्नाची आणि वीबेची दुरुस्ती बरीचशी सारखी निघाली. लाइलच्या दुरुस्तीत मात्र तीन ओळी अशा होत्या, की ज्या दोघांनाही सुचल्या नव्हत्या. डब्यावर कोणी शून्याच्याही खालचा आकार लिहिला तर? त्या एका फटीतून पुन्हा सगळं सांडलं असतं.

फोनवर वीबे त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचत होता. पलीकडे बोटीचा भोंगा वाजला, तरी तो जागचा हलला नसावा. शेवटी म्हणाला, "या तीन ओळी चांगल्या आहेत. मला राग येतोय, पण चांगल्या आहेत."

"तुझी बोट थांबलीये."

"थांबू दे तिला."

लाइलच्या आणखी सहा ओळी वेगळ्या होत्या. खोटा डबा आला की तो कुठून आला, कधी आला, याची नोंद त्या ठेवत होत्या. चोर पकडायला उपयोगी पडेल, असं त्याने कारण दिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. व्हर्नाने त्या सहाच्या सहा ओळी काढल्या. कारणाच्या जागी लिहिलं, "कडीचं काम दार धरणं. कोण आलं, कोण गेलं हे लिहून ठेवणं तिचं काम नाही."

भोक बुजल्यावर तिने सगळं जगासमोर मांडलं. चूक आपली होती, सापडली कोणाला, त्यांनी काय पाठवलं, त्यातलं काय घेतलं, काय नाकारलं आणि का. त्या दोन बिनउत्तराच्या प्रश्नांसकट. खाली एक नियम घातला: यापुढे कोणतीही ओळ, कोणाचीही असो, व्हर्नाची स्वतःची असली तरी, एकमेकांशी लागाबांधा नसलेल्या दोन माणसांनी वाचल्याशिवाय आत येणार नाही.

महिनाभर शिव्या आल्या. एकाने तिला सरकारची बाहुली म्हटलं, दुसऱ्याने लिहिलं की देशाच्या रक्षकांना जाब विचारणारी ही कोण. आई रोज सकाळी कॉफीबरोबर त्या वाचून दाखवायला लावायची आणि त्यातल्या व्याकरणाच्या चुका काढायची. वीबे गेला नाही. नियम वाचून आणखी पाच माणसं वाचायला येऊन बसली, चार देशांतली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा व्हर्ना आठवडाभर समुद्रावर जाऊन राहिली.

ऑगस्टमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये खेकड्यांचं गावजेवण होतं. टेबलांवर कागद अंथरलेले, हातात कवचं फोडायला लाकडी हातोड्या, बोटांना तिखट मसाला. व्हर्ना, तिची आई आणि मी एका टेबलावर होतो. समोर एक हडकुळा, चष्मेवाला माणूस येऊन बसला.

"मी सरकारकडे असतो," तो म्हणाला.

"इथे सगळेच असतात," व्हर्ना म्हणाली.

"माझं नाव लाइल."

व्हर्नाची हातोडी थांबली. "माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं आणलीत?"

"नाही, मिस व्हर्ना. ती नाही देता येणार. तुम्ही माझ्या सहा ओळी टाकून दिल्यात, एवढंच बोलायला आलो."

"कारण लिहिलं होतं मी."

"वाचलं. आधी राग आला. मग साहेबांना दाखवलं."

"ते काय म्हणाले?"

"तेही सांगता येणार नाही," तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं.

आई एवढा वेळ त्याला न्याहाळत होती. "बाळा, तू लोकांचे फोन ऐकतोस का रे?"

"नाही मॅडम. मी भोकं शोधतो."

"बुजवायला, की ठेवायला?"

"मी बुजवायला."

"आणि तुझ्या शेजारच्या खोलीतला?"

लाइलने एक खेकडा फोडला, त्यातलं सगळं मांस काढून आईच्या ताटलीत ठेवलं. "त्याला मी ओळखत नाही, मॅडम."

आईने मान हलवली. "हे खरं बोलला," ती व्हर्नाला म्हणाली, आणि खायला लागली.

लाइल अजूनही वर्षाला तीन-चार दुरुस्त्या पाठवतो. निम्म्या आत जातात, निम्म्या कारणासकट परत. त्याने कधी तक्रार केलेली नाही. व्हर्ना गेल्या वर्षी कॉलेजमधून निवृत्त झाली, आणि ऑक्टोबरात वीबे पहिल्यांदा इकडे आला. दहा दिवस राहिला. एका सकाळी मी गेले, तर दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी बसून लाइलची नवी दुरुस्ती वाचत होते.

"एकोणिसावी ओळ मला पटत नाही," वीबे म्हणत होता.

"मला पटते."

"मग मला पटवून दे."

"देते की. घाई कुठे आहे?" व्हर्नाने त्याच्या कपात कॉफी ओतली, आणि मलाही एक खुर्ची पुढे ओढली.